कागदावरचा ट्रक

आमच्याकडे एक छोटा ट्रक आहे. का आहे, हे कृपया विचारू नये. त्या प्रश्नाचं उत्तर देऊन देऊन मी दमलो आहे आणि ते ऐकून आजवर एकाही माणसाचं समाधान झालेलं नाही. मेहुणा, त्याची फिरतीची नोकरी आणि माझा भिडस्त स्वभाव, एवढ्यावर भागवून घ्यावं.

या ट्रकच्या शॉकअपचा, म्हणजे हादरे झेलणाऱ्या नळ्यांचा, विषय निघाला तो बाबांमुळे. बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि घरी सोडताना डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या. गुडघ्याच्या खाली असलेल्या आसनावर बसायचं नाही, आणि शरीराला हादरे बसू द्यायचे नाहीत. पहिल्या अटीने जगातल्या यच्चयावत मोटारी बाद झाल्या. मोटारीत माणूस बसत नसून उतरतो, हे मला तोवर कळलंच नव्हतं. आमच्या ट्रकची सीट मात्र बरोबर बाबांच्या कमरेच्या उंचीला येते. खाली एक पायरी ठेवली की बाबा त्यावर चढतात, टेकतात आणि वळतात. प्रश्न होता दुसऱ्या अटीचा. आमच्या फाटकाबाहेर गटारावर एक छोटा उंचवटा आहे. त्यावरून बाहेर पडला की आमचा ट्रक पुढच्या कोपऱ्यापर्यंत नाचत जायचा.

आता बाबांना जायचं कुठे होतं, तर आत्याकडे. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. वय शहाऐंशी, मुक्काम सत्तर किलोमीटरवर, आतेभावाकडे. पूर्वी दोघांचा दर आठवड्याला फोन असायचा आणि त्यात दर आठवड्याला भांडण असायचं. मग आत्याला ऐकू येणं पार बंद झालं. कानातलं यंत्र शिटी मारतं म्हणून तिने ते उशीखाली टाकलं ते टाकलंच. बाबांना म्हटलं, पत्र लिहा. तर म्हणाले, "तिच्याशी कागदावर भांडू कसा?" खुब्यामुळे बाबांचा प्रवासही बंद, अशी दोन वर्षं गेली.

एके दुपारी आतेभावाचा फोन आला. "आई हल्ली नीट जेवत नाही रे. बाकी काही बोलत नाही, फक्त मामा कधी येतो एवढं रोज विचारते. जमलं तर जरा लवकर आण त्यांना." माणसं न सांगता जे सांगतात ते सगळं त्या आवाजात होतं. बाबा शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "माझा तो बारीक रेघांचा शर्ट इस्त्रीला दे." मला फार वाईट वाटलं.

"बाबा, ॲम्ब्युलन्स सांगू का? त्यात झोपून जाता येईल."

"ताईच्या दारात मी ॲम्ब्युलन्समधून उतरलो, तर माझ्याआधी ती जाईल."

तेव्हा ट्रकचे शॉकअप बदलायचे ठरले. पत्नी म्हणाली, "अहो, मिस्त्रीकडे न्या आणि तो सांगेल ते करा. तुम्ही स्वतः काही करू नका." हे वाक्य मी इथे मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण पुढे ते मला अनेकदा, अनेकांसमोर ऐकवण्यात आलं.

मिस्त्रीकडे जाण्याआधी मात्र ट्रकला वरच्या मजल्यावरच्या मोजणीकाकांच्या हाताखालून जावं लागलं. काका जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झाले, पण त्यांच्यातली मोजणी निवृत्त झालेली नाही. त्यांनी बनियनवरच खाली येऊन ट्रकचा पुढचा कोपरा दोन्ही हातांनी दाबला आणि सोडला. "एक, दोन, तीन, चार... साडेचार. गाडी एकदा वर येऊन थांबली पाहिजे. साडेचार म्हणजे शॉकअप संपले." मग शिवणक्लासवाल्या काकू आल्या. त्यांनी दाबून पाच मोजले. सोसायटीचे सेक्रेटरी आले, त्यांचे चार भरले. यावरून काका आणि सेक्रेटरी यांच्यात दाबण्याच्या पद्धतीबद्दल मतभेद झाले, आणि दोन दिवस जो कोणी फाटकातून येईल-जाईल तो आमच्या ट्रकला दाबून जाऊ लागला. दूधवाल्यानेही दाबला. माझा रक्तदाब तपासायला इतकी माणसं कधी आली नाहीत.

मिस्त्री हा कमी बोलणारा माणूस. एखादा भाग खराब झाला असं तो कधी म्हणत नाही. ट्रकखाली पाठीवर सरकून त्याने आतून आवाज दिला, "थकलेत हो बिचारे." बाहेर आल्यावर मला हात धरून वाकवलं आणि दाखवलं. मागच्या दोन्ही शॉकअपमधून तेल गळून त्यावर मातीचा थर बसला होता. पुढच्या चाकांना स्प्रिंगसकट उभे स्ट्रट असतात, त्यांचीही तीच गत होती. मिस्त्रीने एकावरून फडकं फिरवलं. "लई सोसलंय यांनी, साहेब." सत्तावीस वर्षं नोकरी करून माझ्याविषयी असं कोणी म्हटलेलं नाही, फडकं फिरवणं तर दूरच.

आता चूक कुठे झाली ते सांगतो. सांगायला जीभ रेटत नाही, पण पत्नी सांगेल त्यापेक्षा मी सांगितलेलं बरं.

मी जन्ममृत्यू नोंदणीच्या कचेरीत हेडक्लार्क आहे. खिडकीवर येणाऱ्या माणसांना दिवसातून पंधरा वेळा मी एकच वाक्य ऐकवतो: कागदात असेल तेच खरं. जुळ्या मुली दोन हातांना धरून आलेल्या एका गृहस्थांना, कागदावर एकच मुलगी आहे हे दाखवून मी परत पाठवलेलं आहे. त्या मुली माझ्याकडे बघून हसत होत्या. तरीही पाठवलं.

मिस्त्री म्हणाला, "जुने खोलतो. त्यांच्यावरचा नंबर बघतो. मग सामान आणा."

मी म्हणालो, "नंबर गंजतो, मिस्त्री. कागद गंजत नाही." आणि गाडीचे कागद पुढे केले. त्यात ट्रक अडीच टनी म्हणून नोंदलेला होता.

मिस्त्रीने चाकांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "अडीच टनाचा वाटत नाही हो हा."

"वाटण्यावर काय आहे?"

तो गप्प बसला. त्याच्या गप्प बसण्याला मी संमती समजलो. मग सामानाच्या दुकानात जाऊन मी कागद काउंटरवर ठेवला आणि अडीच टनी गाडीचे दोन शॉकअप आणि दोन स्ट्रट घेऊन आलो. दुकानदार म्हणाला, "कागद घेऊन येणारं गिऱ्हाईक आता दुर्मिळ झालंय." मी दिवसभर खुशीत होतो.

दोन दिवसांत काम झालं. ट्रक अंगणात उभा राहिला तो चांगला चार बोटं उंच होऊन. मोजणीकाकांनी कोपरा दाबला. ट्रक हललाच नाही. त्यांनी पाय रोवून पुन्हा दाबला, काकूंनी मदतीला हात लावला. ट्रक ढिम्म. "शून्य!" काका ओरडले आणि त्यांनी माझा हात हातात घेऊन हलवला. सेक्रेटरींनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी खिडकीतून शर्ट दाखवला.

मी पत्नीला बाबांच्या जागी बसवून चक्कर मारायला निघालो. गटाराचा उंचवटा आला आणि तिचा चष्मा गेला. म्हणजे आधी तिच्या नाकावरून माझ्या मांडीवर आणि तिथून खाली. पुढे रस्त्यात एक आगपेटी पडली होती, तिच्यावरून गेल्याचंही आम्हाला कळलं. आधी ट्रक नाचायचा, आता तो मारत होता. घरापर्यंत पत्नी समोरचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसली. दारात म्हणाली, "आता तुम्ही इकडे बसा. मी चालवते." तिने मला पूर्ण फेरी मारून आणली आणि वाटेतला एकही खड्डा चुकवला नाही.

मिस्त्रीने गाडी पाहिली आणि फडक्याला हात पुसत राहिला. "मोठ्या गाडीचं सामान आहे, साहेब. ही दीड टनी. वजन असेल तर मऊ चालेल. रिकामी असेल तर अशीच."

"तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं," तो म्हणाला. रागावून म्हणाला असता तर मला बरं वाटलं असतं.

सामान बदलून मागायला गेलो तर दुकानदार म्हणाला, "आम्ही कागदाप्रमाणे दिलंय. तुम्ही कागद बदलून आणा, आम्ही सामान बदलून देतो." म्हणून रजा टाकून वाहन नोंदणीच्या कचेरीत गेलो. तीन खिडक्या फिरून चौथ्या खिडकीवर पोचलो. आत माझ्या निम्म्या वयाचा कारकून बसला होता. त्याच्या टेबलावर टाचण्यांची डबी, शिक्क्याची गादी आणि ओला स्पंज हे सगळं माझ्या टेबलावर असतं त्याच जागी होतं. मला उगाच धीर आला.

मी म्हणालो, "नोंदीत अडीच टनी लिहिलंय, पण गाडी दीड टनी आहे. चुकून पडलंय."

त्याने कागद पाहिला. "अडीच टनी आहे."

"अहो, पण गाडी समोर उभी आहे. जरा मान वळवून बघा, खिडकीतून दिसते."

त्याने मान वळवली नाही. "काका, कागदात असेल तेच खरं."

वाक्य तेच, पण त्याने ते माझ्यापेक्षा चांगलं म्हटलं. मी 'तेच' वर जोर देतो, त्याने कशावरच दिला नाही. दुरुस्तीचा अर्ज, त्यासोबत आधीच्या मालकाचं पत्र, तपासनिसाचा दाखला, आणि मुदत पंचेचाळीस दिवस. जुळ्या मुलींचे वडील त्या दिवशी मला काय म्हणाले होते ते मी आठवून पाहिलं. ते काहीच म्हणाले नव्हते. मीही काही म्हणालो नाही. ट्रकमधून आपटत आपटत घरी आलो.

मिस्त्रीला दया आली. "दुसरीकडून मागवून बघतो. दहा-पंधरा दिवस लागतील." पण त्याच संध्याकाळी पुन्हा आतेभावाचा फोन आला. "काल दिवसभर आई फक्त पाण्यावर होती. येत्या रविवारी येता आलं तर बघ." बाबांनी शर्ट हँगरला लावून दाराच्या मागे अडकवला होता. रोज त्यावरची धूळ झटकत होते.

"वजन टाका," पत्नी म्हणाली. "मिस्त्री म्हणाला ना, वजनाने मऊ चालते. टाका आठशे किलो मागे."

एवढं वजन आणायचं कुठून, असा प्रश्न मला पडला. तो फक्त एक तास टिकला. बातमी जिन्यातून वर गेली आणि वजन खाली येऊ लागलं. मोजणीकाकांकडे घराच्या कामातून उरलेल्या दगडी फरशा होत्या, त्या पुतण्याला द्यायच्याच होत्या. शिवणक्लासवाल्या काकूंना लोखंडी पायांची तीन जुनी मशिनं एका प्रशिक्षण केंद्राला पोचवायची होती. सेक्रेटरींना सोसायटीचं जुनं फाटक त्यांच्या मित्राच्या शेतावर हवं होतं. "तुम्ही जाताच आहात त्या वाटेने," असं तिघंही म्हणाले. वर्षानुवर्षं हलत नसलेलं सामान माझ्या वडिलांच्या खुब्यासाठी एका दिवसात हललं. शेजारधर्माने माझे डोळे भरून आले.

तरी मी शिस्त सोडली नाही. प्रत्येकाकडून एकेक फॉर्म भरून घेतला. वस्तूचं वर्णन, अंदाजे वजन, पोचवण्याचं ठिकाण, जाताना की येताना, आणि खाली देणाऱ्याची व नेणाऱ्याची सही. मोजणीकाका वजनाच्या रकान्यात फार रमले. एकूण सातशे ऐंशी किलो भरले. मी सगळ्या बेरजा तपासल्या. ठिकाणाचा आणि जाताना-येतानाचा रकाना मात्र मी नुसता भरलाय की नाही एवढंच पाहिलं.

रविवारी सकाळी बाबा बारीक रेघांचा शर्ट घालून पायरीवर चढले, टेकले आणि वळले. पत्नी त्यांच्या पलीकडे बसली. मागे सामानासोबत बाबांची उंच पायांची खुर्ची बांधली. फाटकाबाहेरचा उंचवटा आला आणि गेला, बाबांना कळलंही नाही. ट्रक अक्षरशः तरंगत होता. मोठ्या रस्त्याला लागल्यावर बाबा हलक्या आवाजात काहीतरी गुणगुणू लागले. पत्नीने माझ्याकडे पाहून मान डोलवली. गेल्या दोन महिन्यांतला माझा हा एकमेव सुखाचा तास.

तिसाव्या किलोमीटरवर प्रशिक्षण केंद्र आलं. मशिनं उतरली. त्यानंतर ट्रक किंचित कुरकुरला. पंचेचाळिसाव्या किलोमीटरवर शेत आलं, फाटक उतरलं. बाबांनी गुणगुणणं थांबवून समोरचा दांडा धरला.

"अरे," ते म्हणाले, "तू सगळं उतरवत चाललास. मग माझ्या बुडाखाली राहणार काय?"

पत्नीने हात पुढे केला. "फॉर्म बघू ते." तिने वाचले. "अहो, या सगळ्यांची ठिकाणं वाटेवर आहेत! आत्यांच्या घरापर्यंत मागे काहीच राहणार नाही."

"फरशा आहेत ना. त्या येताना देऊ."

त्रेसष्टाव्या किलोमीटरवर मोजणीकाकांचा पुतण्या चार माणसं घेऊन रस्त्यावरच उभा होता. मी खाली उतरून त्याला समजावलं की फरशा परत येताना मिळतील. त्याने खिशातून कागद काढला. मीच काकांना दिलेली प्रत होती ती. "पण काका, यात 'जाताना' लिहिलंय. खाली तुमचीच सही आहे." त्याचा स्वर अगदी नम्र होता. मी कागद उलटसुलट करून पाहिला. माझीच सही होती, तारखेसकट. एवढ्यात त्या चौघांनी निम्म्या फरशा उतरवल्यासुद्धा.

उरलेले सात किलोमीटर मला आठवायचे नाहीत. मी माणूस चालतो त्या वेगाने ट्रक चालवला, तरी प्रत्येक दगडाला बाबांचे ओठ घट्ट मिटत होते. शेवटी आत्याच्या गल्लीच्या तोंडाशी पाइपसाठी रस्ता खणून ठेवलेला दिसला. अख्खी गल्ली उखणलेली होती.

"थांबव," बाबा म्हणाले. "मी चालत जातो."

ऑपरेशननंतर बाबा पलंगापासून गॅलरीपर्यंत चालायचे आणि गॅलरी लांब आहे म्हणून तक्रार करायचे. आत्याचं घर तिथून दोनशे पावलं तरी होतं. मी नको म्हटलं, पत्नीने नको म्हटलं. ते उतरले आणि काठी टेकत निघालेच. पत्नीने त्यांची डावी बाजू धरली, मी मागून खुर्ची डोक्यावर घेऊन. तीन वेळा त्यांनी बोट वर केलं, तीन वेळा मी खुर्ची मांडली. गल्लीतल्या माणसांनी कामं थांबवून ही वरात पाहिली. माझी उरलीसुरली प्रतिष्ठा त्या मातीच्या ढिगाऱ्यांतच कुठेतरी राहिली असावी. पण समोर बाबांचा घामाने भिजलेला शर्ट होता, आणि मला त्या म्हाताऱ्या माणसाचा इतका अभिमान वाटत होता की खुर्चीचं वजन कळलं नाही.

आत्याचा पलंग खिडकीशी होता. आम्ही आत शिरलो तेव्हा ती उशीला टेकून बसलेली होती, अगदी वाळून गेलेली. बाबांकडे बघून म्हणाली, "केवढा वेळ लावलास! त्या खांबापासून बघतेय मी तुला."

बाबा खुर्चीत बसले. त्यांना दम लागला होता आणि तिला ऐकू येत नव्हतं. तिने त्यांचा हात धरून ठेवला. मग आतेभावाने चहा आणला. आत्याने बाबांच्या बशीतलं बिस्कीट उचललं, आपल्या चहात बुडवलं आणि खाल्लं. मग दुसरं उचललं. "माझी बिस्किटं घ्यायची सवय गेली नाही तुझी," बाबा तिच्या कानाशी ओरडले. तिला ते नेमकं ऐकू आलं की दिसलं, देव जाणे, पण भांडण सुरू झालं. आतेभाऊ दारात उभा होता. तो एकदम तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेला.

दुपार कलल्यावर मी म्हणालो, "बाबा, निघायला हवं."

"कशातून?"

"ट्रकमधून."

"रिकाम्या?" बाबांनी चेहरा अत्यंत कायदेशीर केला. "डॉक्टरांनी हादरे नको म्हणून सांगितलंय." ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टरांचं एवढं ऐकलेलं मी त्यांना पाहिलं नव्हतं.

काय चाललंय ते आत्या विचारू लागली. आतेभावाने माझ्या शिल्लक फॉर्मपैकी एकाच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'गाडी दुरुस्त होईपर्यंत मामा इथेच राहणार.' तिने तो कागद दूर धरून वाचला. पुन्हा वाचला. मग घडी करून उशीखाली ठेवला आणि मला जवळ बोलावून माझं मनगट पकडलं.

"मिस्त्री चांगला बघ हो," ती म्हणाली. "घाईघाईत काम उरकणारा नको."

परतीच्या वाटेवर ट्रक आम्हा दोघांना छतापर्यंत उडवत होता. त्यातच मिस्त्रीचा फोन आला. बाजूला थांबून घेतला. "साहेब, तुमचं नशीब बघा. बरोबरचं सामान आजच आलं. उद्या गाडी आणा, दुपारपर्यंत देतो."

मी पत्नीकडे पाहिलं. ती सीटच्या खाली चष्मा शोधत होती.

"मिस्त्री, उद्या नाही जमणार," मी म्हणालो. "पुढच्या महिन्यात बघू."

पत्नीने चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.

"पुढच्या नको," ती म्हणाली. "त्याच्या पुढच्या सांगा."